सोमवारचा खेळ आणि मॅनेजरची वही



या पानावर मी एरवी बेणे, लागण, खत आणि पाणी याबद्दलच लिहीत असतो. या अंकात थोडी वाट सोडून लिहिणार आहे. विषय आहे थिएटरातल्या खेळाचा, आणि तोही सातासमुद्रापलीकडच्या. वाचून झाल्यावर "साहेबांनी उसाचं पान वाया घालवलं" असे वाटले तर गट ऑफिसात येऊन मला तोंडावर सांगावे. पण शेवटपर्यंत वाचून मग सांगावे, एवढीच विनंती.

कारण घडले गेल्या हंगामाच्या सांगता समारंभात. संध्याकाळी विविध गुणदर्शनाचा कार्यक्रम होता. त्याचा क्रम लावायचे काम माझ्याकडे होते आणि तीन परीक्षकांतही माझे नाव होते. लेझीम, भारूड, नकला, शाळेच्या मुलांचा नाच असे बरेच काही होते. एका सभासदाची अकरा वर्षांची मुलगी अभंग म्हणणार होती. मी म्हटले, लहान पोर आहे, झोपेला येईल, शिवाय देवाचे नाव आधी झालेले बरे. तिला पहिला नंबर दिला.

झाले असे की त्या वेळी निम्मी माणसे अजून मांडवात शिरत होती. खुर्च्या ओढल्या जात होत्या, माइक शिट्ट्या मारत होता, बाहेर ट्रॅक्टर लावण्यावरून आरडाओरडा चालला होता. पोरगी डोळे मिटून नीट सुरात गायली. ऐकले कुणीच नाही. बक्षीस नकला करणाऱ्याला गेले.

तिसऱ्या दिवशी तिचे वडील खताच्या चिठ्ठीसाठी ऑफिसात आले. जाता जाता दारात थांबून म्हणाले, "साहेब, पोरगी वाईट गायली का हो?"

मी म्हटले, "छे छे, छान गायली की."

"मग कुणी ऐकलं कसं नाही?"

मला उत्तर देता आले नाही. आणि एक गोष्ट मी त्यांना सांगितली नाही, ती आज इथे सांगतो. माझ्या परीक्षकाच्या कागदावर मी त्या मुलीला दहापैकी चार गुण दिले होते आणि पुढे शेरा मारला होता, "प्रेक्षकांवर पकड नाही."

तो प्रश्न डोक्यातून जाईना. मुलगा पुण्याला शिकतो. त्याला म्हटले, असल्या कार्यक्रमांचा धंदाच करणारी माणसे कुठे होती का, त्यांनी क्रम कसा लावला, निकाल कसा दिला, यावर काही मिळाले तर बघ. त्याने जे आणून दिले त्यात अमेरिकेतल्या व्हॉडव्हिलची माहिती निघाली. वाचत गेलो तसा त्यात माझा चेहरा दिसू लागला, म्हणून हा लेख.

व्हॉडव्हिल म्हणजे काय

अमेरिकेत साधारण १८८० ते १९३० या पन्नास वर्षांत व्हॉडव्हिल नावाचा खेळ जोरात चालला. त्यात एक सलग गोष्ट नसते. एकामागून एक आठ-नऊ निरनिराळे आयटम येतात. कुणी कसरती करतो, कुणी गातो, कुणी जोडीने विनोदी सवालजबाब करतो, कुणी शिकवलेली कुत्री आणतो, कुणी जादू करतो, मध्येच एखादी छोटी नाटिका. प्रत्येकाला दहा ते वीस-पंचवीस मिनिटे. एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. चार्ली चॅप्लिन सिनेमात येण्याआधी इंग्लंडच्या एका विनोदी कंपनीबरोबर १९१० पासून अमेरिकेतल्या असल्याच थिएटरांतून फिरत होता. सारा बर्नहार्टसारखी जगप्रसिद्ध नटी १९१३ मध्ये न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरात असल्याच कार्यक्रमात उतरली.

आधी असले खेळ दारूच्या गुत्त्यांत, पुरुषमंडळींपुढे चालत. टोनी पास्टर नावाच्या माणसाने, जो स्वतः सर्कशीत वाढलेला गायक होता, २४ ऑक्टोबर १८८१ रोजी न्यूयॉर्कच्या चौदाव्या रस्त्यावर थिएटर उघडले आणि ठरवले की इथे बायकामुलांना घेऊन येता आले पाहिजे. अचकटविचकट बोलणे बंद केले. बायकांनी यावे म्हणून पिठाची पोती, कोळसा, कपड्याचे कापड अशी बक्षिसेही वाटली. पुढे बी. एफ. कीथ आणि एडवर्ड आल्बी या जोडीने बॉस्टनपासून सुरुवात करून गावोगाव थिएटरांची साखळी उभी केली. हे दोघेही सर्कशीतूनच आलेले. कीथने १८८५ मध्ये बॉस्टनला सकाळपासून रात्रीपर्यंत न थांबता चालणारा खेळ सुरू केला. प्रेक्षकाने केव्हाही यावे, केव्हाही जावे.

मोठ्या थिएटरात दिवसाला दोन खेळ, लहान थिएटरात तीन, चार, त्याहूनही जास्त. कलाकार एका गावात एक आठवडा करून पुढच्या गावची रेल्वे धरत. गाडीभाडे आणि राहण्याचा खर्च बहुतेकांचा स्वतःचा. म्हणजे एक आठवडा हातचा गेला तर पदरचे घालून घरी परतायचे. तोडणीच्या टोळीला एक दिवस फड मिळाला नाही तर काय होते, ते आपल्याला वेगळे सांगायला नको.

क्रम लावणे हेच खरे काम

आता माझ्या चुकीकडे येतो. न्यूयॉर्कच्या पॅलेस थिएटरचे कार्यक्रम जॉर्ज गॉटलीब नावाचा माणूस ठरवीत असे. नऊ आयटमचा क्रम कसा लावायचा हे त्याने समजावून सांगितले आहे, आणि ते ब्रेट पेज यांच्या १९१५ च्या पुस्तकात छापलेले आहे. ते थोडक्यात माझ्या शब्दांत असे:

पहिल्या नंबरला तोंडाने न बोलणारा आयटम ठेवायचा. नाच, कसरत किंवा जनावरांचे काम. कारण माणसे अजून आत येत असतात, खुर्च्या शोधत असतात. त्या गोंगाटात शब्द वाया जातात, उडी वाया जात नाही. दुसऱ्या नंबरला साधारण गाण्याची जोडी, लोकांना स्थिर करायला. तिसऱ्याला छोटी नाटिका किंवा असेच काही, ज्याने मन गुंतेल. चौथ्याला जोरकस आयटम, आणि पाचव्याला मोठे नाव, म्हणजे मध्यंतरात बाहेर पडलेला माणूस त्याच्याबद्दलच बोलत चहा पिईल.

मध्यंतरानंतरचा सहावा नंबर फार अवघड. लोक गप्पा मारत परत बसत असतात. त्यांना पुन्हा धरायचे, पण पुढे येणाऱ्यापेक्षा भारी होता कामा नये, नाहीतर पुढचा फिका पडतो. सातव्याला सबंध रंगमंच वापरणारे मोठे काम. आठवा नंबर म्हणजे शेवटून दुसरा, ती मानाची जागा. ज्याच्यासाठी लोक तिकीट काढून आले तो तिथे. आणि नवव्याला पुन्हा डोळ्यांनी बघायचे काम, कसरतवाले किंवा जनावरे, कारण माणसे टोप्या-कोट सावरत उठायला लागलेली असतात.

यात आणखी एक अडचण होती. मागे मोठे सामान मांडायचे असेल तर पुढे पडदा पाडून त्याच्यापुढच्या पाच-सात फुटांच्या पट्टीत कुणीतरी गात किंवा बोलत राहिले पाहिजे. म्हणून एक आयटम पडद्यापुढचा, एक सबंध रंगमंचाचा, असे आलटून पालटून बसवायचे. दोन गाणी लागोपाठ नकोत, दोन कसरती लागोपाठ नकोत. आपल्याकडे तमाशात गण आधी, मग गवळण, मग बतावणी आणि शेवटी वग, हा क्रम पिढ्यांनी घालून दिलेला आहे. तिकडे मॅनेजरला तो दर आठवड्याला नव्याने जुळवावा लागे.

हे वाचले आणि मी पुस्तक मिटून ठेवले. पन्नास वर्षे धंदा केलेल्या माणसांनी पहिल्या नंबरला गाणे ठेवले नसते. आणि मी अकरा वर्षांच्या पोरीला तिथे उभी केली, वर तिची पकड नाही म्हणून गुण कापले.

सोमवारची दुपार

बहुतेक गावी नवा आठवडा सोमवारी सुरू होई. सकाळी कलाकार आपापल्या गाण्यांचे कागद घेऊन थिएटरात यायचे. जो आधी पोचेल त्याची वाद्यवाल्यांबरोबर तालीम आधी. मग दुपारचा पहिला खेळ. तिथला मॅनेजर प्रेक्षकांच्या मागे उभा राहून पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळे बघायचा. हातात घड्याळ. खेळ संपला की बसून अहवाल लिहायचा आणि मुख्य कचेरीकडे पाठवायचा.

कीथ-आल्बी कंपनीच्या मॅनेजरांचे असे अहवाल वह्यांतून जपून ठेवलेले आहेत. १९०२ ते १९२३ पर्यंतच्या या वह्या आज अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहेत. प्रत्येक आयटमपुढे काय लिहायचे तर किती मिनिटे लागली, पडद्यापुढे की सबंध रंगमंचावर, सुरुवात कशी झाली, टाळ्या कुठे पडल्या, शेवट कसा झाला, कोणते वाक्य काढायला सांगितले, आणि या कलाकाराला जेवढे पैसे देतो तेवढ्यांचे काम झाले का.

पहिल्या खेळात जे जमले नाही ते संध्याकाळच्या खेळाआधी दुरुस्त करायचे. चौथ्याला दुसरीकडे हलव, सहाव्याला पुढे घे, कुणाची पाच मिनिटे काप. पॅलेस थिएटरात तर सोमवारच्या दुपारच्या खेळाला धंद्यातली माणसेच येऊन बसत, आणि संध्याकाळी क्रम बदललेला असायचा.

यातले मला पटलेले एक सांगतो. चांगला मॅनेजर स्वतःला काय आवडले हे आधी लिहीत नाही. प्रेक्षकांनी काय केले ते लिहितो. हसले का, कधी हसले, कुणी उठून गेले का. स्वतःचे मत त्यानंतर. आणि एकाच कलाकाराबद्दल एका गावचा मॅनेजर खूष, तर दुसऱ्या गावचा नाराज, असेही या वह्यांत सापडते. म्हणून मुख्य कचेरी चार गावांचे अहवाल शेजारी शेजारी ठेवून बघू शकत होती. एका माणसाच्या एका दिवसाच्या शेऱ्यावर अख्खा निकाल लागू नये, याची ती एक सोय होती.

बोलण्यावर मात्र कडक नजर होती. कीथच्या थिएटरात रंगमंचामागे पाटी लावलेली असे की अमुक शब्द वापराल तर काम बंद. आज वाचले तर हसू यावे इतके साधे शब्द त्या यादीत होते. काढायच्या वाक्यांची चिठ्ठी निळ्या पाकिटातून येई असे सांगतात. कलाकारांच्या पोटात त्या पाकिटाने गोळा येत असे.

एकाला जागा दाखवली, दुसऱ्यांना भाजीपाला

पारख म्हणजे नुसते पास-नापास नव्हे, याचे उदाहरण म्हणजे हुडिनी. साखळदंडातून सुटणारा जादूगार म्हणून आपल्याकडेही त्याचे नाव ऐकलेले असते. १८९९ मध्ये तो मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉल गावी एका बिअरच्या हॉलमध्ये पोटापुरते काम करत होता. पत्त्यांची जादू, किरकोळ जादू, पेटीतून निसटणे, हातकड्या काढणे, सगळे थोडे थोडे. मार्टिन बेक हा पश्चिमेकडच्या ऑर्फियम साखळीचा माणूस तिथे आला. त्याने स्वतः आणलेल्या बेड्या घालून बघितल्या, हुडिनी सुटला. बेकने त्याला ओमाहा गावी आठवड्याला साठ डॉलरवर बोलावले आणि सांगितले की बाकीचे सोड, बेड्यांतून सुटण्याचेच काम कर. पुढे काय झाले ते जगाला माहीत आहे. बेकने माणूस बदलला नाही. त्या माणसात कोणता माल पक्का आहे ते बघून तेवढाच पुढे केला. को ८६०३२ कोणत्या रानात लावायचा आणि कोणत्या रानात लावायचा नाही, एवढे सांगण्यापलीकडे माझे तरी काम काय आहे?

याच्या उलट गोष्ट चेरी भगिनींची. या आयोवा राज्यातल्या मॅरियन गावच्या शेतकरी घरातल्या बहिणी. गाणी, नाटिका, उपदेश असा स्वतःच रचलेला कार्यक्रम करत, आणि तो वाईट होता यावर बहुतेकांचे एकमत होते. ऑस्कर हॅमरस्टाइन नावाच्या थिएटरवाल्याचा धंदा बसलेला होता. त्याने १८९६ मध्ये त्यांना न्यूयॉर्कला आणले ते याच कारणासाठी, की त्या वाईट आहेत. लोक तिकीट काढून भाजीपाला फेकायला आले. थिएटर भरले, पैसा झाला.

आता याला व्यवस्थापन म्हणायचे का? हिशोबाच्या वहीत ते यशस्वीच दिसते. पण त्या बहिणी मनापासून गात होत्या आणि मॅनेजरला आधीपासून माहीत होते की पुढे काय होणार. गुणी माणसाला चुकीच्या जागी उभे करणे ही चूक आहे. अवगुणी माणसाला हसण्यासाठी उभे करणे हे पाप आहे, असे मला वाटते. पहिल्या गोष्टीत मी सापडलो, दुसरीत अजून नाही, एवढेच समाधान.

या बहिणींनी पुढे त्यांच्यावर जहरी टीका छापणाऱ्या एका वर्तमानपत्रावर अब्रुनुकसानीचा दावा लावला. आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०१ मध्ये निकाल वर्तमानपत्राच्या बाजूने दिला. जो पैसे घेऊन लोकांपुढे काम करतो, त्याच्या कामावर आकस न ठेवता कडक टीका करायची मोकळीक आहे, असा त्याचा अर्थ. कायदा म्हणून ते ठीकच आहे. पण त्यातले "आकस न ठेवता" एवढे शब्द परीक्षकाने कागदाच्या डोक्यावर लिहून घ्यावेत.

टीकेची किंमत दुसऱ्या बाजूनेही मोजावी लागते. साइम सिल्व्हरमन नावाचा वार्ताहर एका वर्तमानपत्रात आयटमची परीक्षणे लिही. त्याने एकाला वाईट म्हटले, त्या कलाकाराने जाहिरात काढून घेतली, आणि याची नोकरी गेली. त्याने डिसेंबर १९०५ मध्ये स्वतःचे साप्ताहिक काढले, "व्हरायटी". जाहिरात दिली म्हणून कुणाला चांगले म्हणणार नाही, हे धोरण ठेवून. ते पत्र शंभर वर्षांहून अधिक चालले.

काटा कुणाच्या हातात

इथपर्यंत वाचून व्हॉडव्हिलची व्यवस्था फार चोख होती असे वाटेल. तशी ती होती. दुखणे वेगळ्याच जागी होते, आणि ते सहकारात वाढलेल्या माणसाला चटकन कळते.

ज्यांची थिएटरे, त्यांचीच कामे वाटण्याची कचेरी. थिएटर मालकांनी १९०० च्या सुमारास एकत्र येऊन आपली संघटना केली, आणि १९०६ पासून कीथ-आल्बीची युनायटेड बुकिंग ऑफिस ही कचेरी अमेरिकेच्या पूर्व भागातल्या मोठ्या थिएटरांची कामे ठरवू लागली. कलाकाराच्या पगारातून पाच टक्के कचेरी कापणार. एजंटाचे पाच टक्के वेगळे. म्हणजे काम देणाराही तोच आणि काम मिळवून दिल्याची दलाली घेणाराही तोच. करारात अट अशी की पहिल्या खेळानंतर मॅनेजरला कलाकार पसंत पडला नाही तर काम रद्द. सोमवारच्या त्या अहवालाला धार आली ती इथे. दुसऱ्या कंपनीकडे काम केले तर नाव काळ्या यादीत. आणि आपल्याबद्दल त्या वहीत काय लिहिले आहे ते कलाकाराला दाखवायची पद्धत नव्हती. वही मालकासाठी होती.

जून १९०० मध्ये जॉर्ज फुलर गोल्डन आणि त्याच्या सोबत्यांनी न्यूयॉर्कला "व्हाइट रॅट्स" म्हणजे "पांढरे उंदीर" नावाची कलाकारांची संघटना काढली. इंग्रजीत "स्टार" शब्द उलटा वाचला की उंदीर होतात, अशी त्यातली गंमत. फेब्रुवारी १९०१ मध्ये त्यांनी काम बंद केले. मालकांनी दलाली सोडण्याचे कबूल केले, कलाकार कामावर परत आले, आणि कबूल केलेले पाळले गेले नाही. १९१६-१७ मध्ये पुन्हा संप झाला. त्याआधीच मालकांनी आपल्या पैशावर चालणारी दुसरी संघटना उभी करून ठेवली होती, आणि तिचा सभासद असेल त्यालाच काम. तो संप मोडला आणि व्हाइट रॅट्स संपली. सरकारच्या व्यापार आयोगाने १९१८ मध्ये या मक्तेदारीवर प्रकरण चालवले, तेही १९२० मध्ये काढून टाकले गेले.

कलाकारांचीही एक चूक झाली, ती झाकून ठेवणे बरोबर नाही. सुरुवातीला त्यांनी स्त्रियांना संघटनेत घेतले नाही, आणि कृष्णवर्णीय कलाकारांना तर दूरच ठेवले. बर्ट विल्यम्स हा त्या काळातला फार मोठा विनोदी नट. पण एका कार्यक्रमात कृष्णवर्णीयांचा एकच आयटम ठेवायचा असा रिवाज, आणि कृष्णवर्णीय प्रेक्षकांना बसायला बहुधा वरची गॅलरी. म्हणजे सोमवारी हातात घड्याळ धरून टाळ्या मोजण्याआधीच काही माणसांचा निकाल लागलेला असायचा. ज्या संघटनेने निम्मी माणसे दाराबाहेर ठेवली, ती मालकापुढे किती टिकणार?

बोलका सिनेमा १९२७ मध्ये आला. १९२८ मध्ये कीथ-आल्बी आणि ऑर्फियम या दोन्ही साखळ्या रेडिओ आणि सिनेमाच्या आरकेओ कंपनीत विरघळल्या. पॅलेस थिएटरातही १९३२ मध्ये सिनेमा लागला. एवढी बारकाईने लिहिलेली वही होती, पण ज्यांच्याबद्दल लिहिली त्यांचा त्या थिएटरात एक रुपयाचाही भाग नव्हता.

आपल्या वहीचे काय

आता घरचे बोलतो. माझ्याकडेही एक वही आहे. प्रत्येक सभासदाच्या नोंदीपुढे लागण तारीख, जात, क्षेत्र, एकरी टन, आणि शेवटी माझा शेरा. "मशागत कमी", "लक्ष नाही", "उत्पादन घटले" असे शेरे मी बरेच मारलेले आहेत. ही वही वाचून झाल्यावर मागच्या दोन हंगामांची पाने उलटून बघितली. ज्यांच्यापुढे "उत्पादन घटले" असे लिहिले, त्यांतल्या काही प्लॉटची तोडणी पाळीपत्रकातल्या तारखेनंतर बऱ्याच दिवसांनी झालेली आहे. उसाला तुरा आला, पांगशा फुटल्या, वजन उतरले, आणि शेरा शेतकऱ्याच्या नावावर. टोळी वेळेवर न पोचण्याची कारणे अनेक असतात, त्यात आज शिरत नाही. पण नंबर कुणी लावला? मी लावला. आणि कमी गुण कुणाला दिले? ज्याचा ऊस उभा राहून वाळला, त्याला.

त्या पोरीचे आणि या उसाचे दुखणे एकच आहे. म्हणून ठरवले ते असे.

एक, या हंगामापासून माझ्या वहीत एकरी टनाच्या रकान्याआधी एक नवीन रकाना घातला आहे: "ठरल्या तारखेपेक्षा किती दिवस उशिरा तोड." तो भरल्याशिवाय पुढचा शेरा लिहायचा नाही. आधी आपण दिलेली जागा, मग दुसऱ्याचे काम.

दोन, जे डोळ्यांनी बघितले ते आधी लिहायचे. ब्रिक्स किती आले, किती कांडी पोकळ निघाली, किती ठिकाणी नांगी पडली. मत नंतर, आणि वेगळ्या ओळीत.

तीन, ज्याच्याबद्दल लिहिले त्याला ते बघता आले पाहिजे. अमेरिकेतला कलाकार मालकाची वही मागू शकत नव्हता. आपण भागधारक आहात, ही वही तुमची आहे. कुणाही सभासदाने मंगळवारी किंवा शुक्रवारी सकाळी दहा ते बारा गट ऑफिसात येऊन आपल्या नोंदीपुढचे पान बघावे. शेरा चुकीचा वाटला तर समोर बसून सांगावे. आपण दोघे फडात जाऊन बघू, आणि मी चुकलो असेन तर तिथेच खोडून सही करीन.

त्या मुलीच्या वडिलांना मी गेल्या महिन्यात घरी जाऊन चार गुणांची गोष्ट सांगितली. ते थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "बरं झालं सांगितलंत. मी तिला गाणं सोड म्हणणार होतो." मुलगी आतून ऐकत होती. तिने विचारले, "मग या वर्षी कितवा नंबर?" मी म्हटले, मध्यंतराच्या आधीचा, पाचवा. लोक तुझ्याबद्दल बोलतच चहाला उठतील. ती म्हणाली, "आणि पहिल्याला कोण?"

पहिल्याला लेझीम आहे. हलगी वाजली की खुर्च्यांचा आवाज कुणाला ऐकू येत नाही.

यंदाच्या सांगता समारंभात ज्यांना आपली कला सादर करायची आहे, त्यांनी नावे आपल्या गट ऑफिसात द्यावीत. सोबत किती मिनिटे लागतात, साहित्य काय लागते आणि माइक एक की दोन, एवढे कळवावे. या वेळी मी फक्त क्रम लावणार आहे. परीक्षक दुसरे असतील. ज्याने जागा दिली त्यानेच गुण द्यावेत, हे काही बरोबर नाही.

पुढच्या अंकात खोडव्यातील पाचट व्यवस्थापन.

आपला,
ऊस विकास अधिकारी